चूल वेगळी झाल्याचा पुरावा

माझ्या रबरी शिक्क्यावर एक ओळ आहे : 'वरील भाषांतर पूर्ण व बिनचूक आहे.' तीस वर्षं मी ती ओळ लोकांच्या कागदांवर उठवत आले. आधी जन्माचे दाखले, गुणपत्रिका, लग्नाची प्रमाणपत्रं यायची. पुढं पुढं मोडलेल्या लग्नांचे कागद यायला लागले आणि ते काही थांबले नाहीत. मराठी-इंग्रजीतून जर्मनमध्ये आणि जर्मनमधून मराठीत, एवढाच माझा व्यवसाय. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. तिथली यंत्रं जर्मनीहून यायची आणि सोबतची पुस्तकं कुणालाच वाचता यायची नाहीत, म्हणून साहेबांनी मला संध्याकाळच्या क्लासला घातलं. कारखाना बंद पडला, भाषा राहिली. मुलुंड पूर्वेला आमच्या तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. सकाळी शिकवणी, दुपारी भाषांतरं.

बाहेरच्यांना वाटतं, भाषांतर म्हणजे डिक्शनरी घेऊन बसायचं काम. मी सांगते, हे घाबरायचं काम आहे. परदेशातल्या कोर्टाचं पाकीट घेऊन एखादी मुलगी नाहीतर तिचे आईवडील समोर बसतात. मी कागद उघडते आणि त्यात काय आहे ते त्यांच्याआधी मला कळतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत ती माणसं कागदाकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. मी चेहरा कोरा ठेवायला शिकले, पण भीती काही गेली नाही.

विनोदी गिऱ्हाइकंही भेटली. अंधेरीच्या एका गृहस्थांना मुलाची आणि जर्मन सुनेची पत्रिका कोर्टात लावायची होती. मंगळ आधीच दिसत होता, त्यात मुलाचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. गोरेगावच्या एका मावशींनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचा मायना होता 'तीर्थरूप जजसाहेबांस'. मी तोही जमेल तसा उतरवला. पूर्ण म्हणजे पूर्ण.

पण एकदा ते पूर्ण नव्हतं. बोरिवलीचे एक वडील मुलीच्या केससाठी नवऱ्याच्या पत्राची तीन पानं घेऊन आले. तिसऱ्या पानावरचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलेलं होतं, म्हणजे चौथं पान होतंच. ते त्यांनी का आणलं नाही, हे मी विचारलं नाही. दिलेल्या कागदाचं भाषांतर करावं, बाकीच्यात नाक खुपसू नये, हा माझा नियम. मुलगी केस हरली. चौथ्या पानाने काही फरक पडला असता की नाही, देव जाणे. पण ते तुटलेलं वाक्य मला अजून पाठ आहे.

आता मीनलबद्दल सांगते. नावं मी सगळी बदलली आहेत.

मीनल राणे घाटकोपरची. वडील ट्रॉम्बेला एका कँटीनमध्ये आचारी होते, ती कॉलेजात असतानाच वारले. आई सुलभाताई. मीनल अंधेरीच्या एका कंपनीत रिसेप्शनला होती. तिथं यंत्रं बसवायला आलेल्या लुकासशी तिचं जमलं. लग्न घाटकोपरच्याच हॉलमध्ये झालं. जावयाने फेटा बांधला, तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि सगळ्या बायकांच्या पायाही पडला. आळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

बायको म्हणून जर्मनीला जायचं तर भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. त्यासाठी मीनल माझ्याकडे चार महिने आली. त्या परीक्षेच्या पुस्तकात पाव विकत घ्यायचा कसा, हवा कशी आहे, डॉक्टरची वेळ कशी मागायची, असं सगळं असतं. एक वाक्य होतं, 'मी माझ्या नवऱ्यासाठी स्वयंपाक करते.' ते म्हणताना मीनल लाजायची आणि बाकीच्या मुली तिला चिडवायच्या. 'मला भीती वाटते' हे वाक्य त्या पुस्तकात नव्हतं. मीही कधी शिकवलं नाही.

ती गेली. सहा वर्षं दिवाळीला तिचा मेसेज यायचा. मग एक दिवस सुलभाताई माझ्या दारात उभ्या राहिल्या, छातीशी एक पिशवी धरून.

"बाई, मीनलने कोर्टात अर्ज घातलाय. सुटका मागतेय. तिच्या वकीलबाईंना आमच्या दोघींचे मेसेज पाहिजेत, जर्मनमध्ये करून. आठ दिवसांत." त्या शिकवणीच्या दिवसांपासून मला बाई म्हणतात. एरवी त्या मुंबईचं मराठी बोलतात. मी कुडाळकडची आहे हे त्यांना ठाऊक असल्यामुळे मन भरून आलं की माझ्याशी मालवणीवर येतात आणि मुलीचं चेडू होतं. "माका कायच समाजणा नाय. पण ह्या बघा, माझ्या चेडवाची काय चूक नाय, ह्या सगळ्यात लिवलेला आसा."

पिशवीत झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेली चाळीसेक पानं होती. मी वाचायला लागले. 'आई, आज आमटी-भात केला. त्याच्यासाठी बटाट्याची भाजी.' खाली ताटाचा फोटो. 'आज त्याचे सगळे शर्ट धुतले, इस्त्री केली.' 'आज तांदळाची खीर.' प्रत्येक पानावर मीनलचा स्वयंपाक आणि प्रत्येक पानावर त्याचं ताट. मधूनच एखादी ओळ : 'मी अजून छोट्या खोलीतच झोपते.'

सुलभाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "किती करायची बघा ना. कोर्टाला कळेल ना, बायको म्हणून ती कुठे कमी पडली नाही ते?"

मी चेहरा कोरा ठेवला.

त्या देशात घटस्फोट मागायचा तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. जायला दुसरं घर नसेल तर एकाच छपराखाली राहिलेलं चालतं, पण मग त्या घरात चूल वेगळी हवी. त्याने त्याचं शिजवून खावं, तिने तिचं. कपडे आपापले धुवावेत. कोकणात भाऊभाऊ एका घरात राहून चुली वेगळ्या करतात, अगदी तसंच. मीनल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी छोट्या खोलीत राहायला गेली होती आणि आता पुढची दिवाळीही होऊन गेली होती. वर्ष भरलं होतं. पण पानांसोबत वकीलबाईंचं जर्मन पत्र होतं, त्यात लुकासचं म्हणणं होतं की आम्ही वेगळे झालोच नाही. ती माझा स्वयंपाक करते, माझे कपडे धुते, संसार चालू आहे. न्यायाधीशांनी ते मानलं तर गेलेलं वर्ष फुकट जाणार होतं आणि मीनलला त्याच घरात त्याच्याबरोबर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी लागणार होती. घर त्याच्या नावावर, तिची नोकरी बेकरीत अर्ध्या दिवसाची. आणि सुलभाताईंनी मुलीचा चांगुलपणा दाखवायला निवडून आणलेलं एकूण एक पान लुकासच्या बाजूने बोलत होतं.

हे त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

"म्हणजे जेवण केलं ही तिची चूक?"

"त्यांच्या कायद्यात त्याचा अर्थ संसार चालू आहे असा होतो, सुलभाताई."

"मियाच तिका शिकवलंय," त्या हळूच म्हणाल्या. "भांडान झाला म्हणान कोणाक उपाशी ठेवू नये. आमच्या घरात असाच होता. ह्यांच्याशी मी महिनो न् महिने बोलत नसे, पण ताट कधी चुकवूक नाय."

माझ्या आईनेही मला हेच शिकवलं होतं.

पानं चाळता चाळता माझ्या लक्षात आलं की मधले दिवस गायब आहेत. सोमवारी खीर, मग एकदम शुक्रवार. आणि शुक्रवारची पहिली ओळ, 'हो आई, आता शांत आहे.' काय शांत आहे? कुणी काही विचारल्याशिवाय असं कुणी लिहितं का? अशा फटी मी सात मोजल्या. बोरिवलीचं ते तुटकं वाक्य डोळ्यांपुढं आलं. मी म्हटलं, "मधले मेसेज कुठे आहेत? मला फोन बघू द्या."

सुलभाताईंनी फोन पिशवीतून काढला नाही. उलट पिशवी मांडीवर घट्ट धरली. "त्यात काही नाही. ते नको, बाई." आणि मग, "फोन भरलाय नुसता. ते गुड मॉर्निंगचे फोटो येतात ना. दुकानवाला म्हणाला सगळं पुसून टाका. मी आज पुसणारच आहे." त्या उठल्या आणि गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीनलचा फोन आला. बेकरीच्या सुट्टीत, मागच्या दारातून करत होती. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, माझी पार वाट लागलीय. तो माझा फोन रोज बघतो, म्हणून मी मेसेज पाठवून लगेच पुसते. सगळे फक्त आईकडे आहेत. तिला सांगा ना, सगळे द्यायला. मी सांगितलं की ती रडते आणि फोन ठेवते."

"मारतो का गं तो तुला?"

"नाही. हात नाही लावत. मारलं असतं तर सांगायला सोपं तरी गेलं असतं, मॅडम." मग म्हणाली, "ठेवते, बोलावतायत."

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते मला धड आठवत नाही. शिकवणीत चुकीचं पान उघडायचे. सुलभाताई फोन उचलत नव्हत्या. त्या फुलाफुलांच्या सुप्रभातांबरोबर मीनलचं वर्ष पुसलं जातंय, असं डोळ्यांपुढं यायचं. घाटकोपरला त्यांच्या घरी जाऊन धडकावं असंही वाटलं. पण फोन त्यांचा, मुलगी त्यांची, मी कोण? मला एवढंच ठाऊक होतं की चौथं पान असतं आणि या वेळी मी ते मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. चपला काढल्या आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला. सगळं होतं. काहीही पुसलेलं नव्हतं.

"काल दुपारी बसान सगळा ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सुरवातीपासना. माझोच आवाज. ऐकान माकाच भीती वाटली."

सुलभाताईंना टाइप करणं जमत नाही, त्या बोलून आवाज पाठवतात. मीनल लिहायची, आई बोलायची. त्या सात फटींमध्ये होतं ते असं. 'आई, आज मी त्याचं जेवण केलं नाही. तो किचनच्या दारात उभा राहिला. काही बोलला नाही. दोन तास नुसता उभा होता.' 'आई, त्याने माझ्या खोलीची किल्ली काढून नेली.' 'आई, आज पण नाही केलं, तर सगळे मसाले आणि डाळी कचऱ्यात टाकल्या आणि हसला.' 'आई, पासपोर्ट जागेवर नाही.' 'आई, मी परत करायला लागले त्याचं जेवण. शांत आहे आता.'

आणि प्रत्येक वेळी खाली आईचा आवाज. "गप रव, बाय. त्येच्या ताटात वेळेर जेवाण पडला काय तो शांत होतलो. गप रव. दिवस जातत."

हे सगळं ऐकताना मी माझ्याच घरात बसले होते, शेजारच्या पार्लरमधून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि तरी मला सारखं मागं वळून दाराकडे बघावंसं वाटत होतं.

आता त्या आमटीचा अर्थ बदलला होता. बायको संसार म्हणून रांधत नव्हती, घाबरून रांधत होती. मीनलला तेच सिद्ध करायचं होतं आणि त्याचा पुरावा फक्त त्या सात फटींमध्ये होता. मीनलच्या चार शब्दांना अर्थ यायचा तो आईच्या उत्तरामुळे. 'गप रव' शिवाय पुढची खीर समजत नव्हती.

चार दुपारी आम्ही बसलो. मी ऐकायचे, लिहायचे, परत ऐकायचे. सुलभाताई शेजारी खुर्चीवर, हात मांडीवर. पहिल्यांदा ते 'गप रव' आलं तेव्हा मी फोन थांबवला. परक्या देशातला कुणीतरी न्यायाधीश हे वाचणार, या बाईला काय म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा मी जरा सौम्य शब्द निवडला.

"काय लिवलात?" सुलभाताईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच."

"वाचान दाखवा. मराठीत."

मी नाइलाजाने म्हटलं, "धीर धर, बाळ."

त्यांनी मान हलवली. "मी तसा नाय म्हटलंय, बाई. धीर धर म्हटला असता तर बरा झाला असता. मी गप रव म्हटलंय. जसा म्हटलंय तसाच लिवा."

मी खोडलं आणि लिहिलं. अकरा वेळा ते वाक्य होतं. अकराही वेळा तसंच लिहिलं. शेवटी शिक्का मारला तेव्हा आधी कागदाकडे नाही, सुलभाताईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

आठव्या दिवशी स्कॅन केलेले कागद मेलने वकीलबाईंना पोचले. त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. त्या कागदांची प्रत लुकासलाही मिळणार होती, कायदाच तसा आहे. तो ते वाचेल तेव्हा मीनल त्याच घरात असली तर? वकीलबाईंनी तिला आधीच तिथून हलवलं होतं, अडचणीतल्या बायकांसाठी त्या देशात सरकारमान्य निवारा असतो, तिथं. अशी जागा असते हे मीनलला वर्षभर ठाऊक नव्हतं. तिला त्याचं नावही मी शिकवलेलं नव्हतं. पाव मागायला मात्र उत्तम शिकवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी मीनलचा फोन आला. या वेळी आवाज पूर्ण होता.

"मॅडम, झालं. वर्ष धरलं त्यांनी. पूर्ण." ती रडत होती. "जजने विचारलं, वेगळ्या झाला होतात तर जेवण का करत होतात? दुभाषी शेजारी होती, पण मी स्वतःच सांगितलं. एकच शब्द. डिक्शनरीतून पाठ करून गेले होते." भीतीला जर्मनमध्ये आंग्स्ट म्हणतात. तो शब्द उच्चारायला अजिबात अवघड नाही.

मग तिने आवाज खाली आणला. "मॅडम, त्यांनी आईची वाक्यं मोठ्याने वाचली. सगळ्यांसमोर. एकामागून एक. तो समोर बसला होता, त्याच्याही देखत. आईला नका ना सांगू. ती मरेल."

मी कबूल केलं.

हल्ली मी लग्न करून जाणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी 'मला भीती वाटते' शिकवते, आणि त्या निवाऱ्याचं नावही. पोरी हसतात. एक म्हणाली, "मॅडम, आमचं तर लव्ह मॅरेज आहे." मी म्हटलं, असू दे, परत म्हण.

चारेक दिवसांनी सुलभाताई पेढे घेऊन आल्या. चेहऱ्यावरून वर्षाचं ओझं उतरलेलं दिसत होतं. मी चहा टाकला. त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, माझा बोलणा थय वाचल्यानी काय?"

मी मीनलला शब्द दिला होता. चेहरा कोरा ठेवायची तीस वर्षांची सवयही होतीच.

"नाही," मी म्हटलं. "त्याची गरजच पडली नाही."

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं. पाकीट उघडताना लोक बघतात तसं.

"मगे माझा चेडू सुटला कसा?"

चहा उतू जात होता. मी उठले नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "वाचलं, सुलभाताई. सगळं वाचलं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बरा झाला."